भागीरथीच्या पोटात काय होतं

पद्मनाभरावांना आपल्या धाकट्या भावजयीचा राग होता, आणि तो तिचं पोट दिसायला लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता. त्यांचा भाऊ रघुनाथ विषमज्वराने गेला तेव्हा भागीरथी तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. तिचे केस काढले, तिला लाल आलवण नेसवलं आणि स्वयंपाकघर तिच्या हवाली केलं. तिने सगळं निमूट करून घेतलं. जीभ मात्र कोणाला भादरता आली नाही. पद्मनाभराव तमिळ मुलखातल्या मराठी ब्राह्मणांपैकी, कुंभकोणमच्या कोर्टात शिरस्तेदार होते. दिवसभर लोक त्यांच्यापुढे कंबरेत वाकत, आणि घरी पान वाढताना ही बाई म्हणायची, "भावजी, काल तुम्ही याच्या उलट बोलला होता."

ही हकीगत मला माझ्या आजीने सांगितली. आजी, पंकजाबाई, ही भागीरथीची सख्खी मावशी. रघुनाथाच्या लग्नात पद्मनाभरावांनी तिला, विधवा समोर नको म्हणून, मांडवातून उठवून मागच्या दारी बसवलं होतं. ते ती मरेपर्यंत विसरली नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल तिने थोडं पदरचं घातलं असेल. पण इस्पितळातलं सगळं माझे वडील राजगोपाल यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मायलेकांच्या सांगण्यात मला कधी फरक आढळला नाही.

महामहमच्या, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या मेळ्याच्या, वर्षी तंजावरपासूनचे नातेवाईक पर्वणीच्या स्नानाला आले आणि शिरस्तेदारांच्या घरी पंगतीवर पंगती उठल्या. चुलीपुढे एकटी भागीरथी. त्याच गर्दीत तिच्या पोटात उजव्या बाजूला, खाली, कळ यायला लागली. ताप आला. मोठी जाऊ महालक्ष्मी, जिला ती अक्का म्हणायची, तिने एरंडेल आणून समोर ठेवलं.

"घे आणि ऊठ. पाहुणे जेवायचे आहेत."

भागीरथीने एरंडेल घेतलं. दुसऱ्या दिवशी कळ असह्य झाली आणि मग एकाएकी थांबली. ती उठली, कामाला लागली. पाहुणे गेले. कळ पुन्हा आली नाही, पण त्यानंतर तिला जेवण जाईना. दोन घासांत पोट भरायचं. हातपाय बारीक झाले, गालफडं बसली, आणि पोट मात्र वाढायला लागलं.

विहिरीवर ओलेत्याने उभी असताना अक्काने ते पाहिलं.

"भागीरथी, इकडे वळ."

"कशाला?"

"वळ म्हणते ना. हे काय आहे?"

"मला काय माहीत? वैद्याला बोलवा म्हणून मीच दोनदा सांगितलं."

"विटाळ चुकला कधी?"

"चुकला नाही. गेल्याच पंधरवड्यात बाहेर बसले होते. पान तुम्हीच वाढलंत."

"बाहेर काय, कोणीही जाऊन बसतं," अक्का म्हणाली, आणि तिथून तडक नवऱ्याकडे गेली.

पद्मनाभरावांनी वैद्याला बोलावलं नाही. वैद्य चार घरी बोलतो. त्यांनी सुईण बोलावली, मागच्या दाराने. तिने पोट चाचपलं, घरातल्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना जे ऐकायचं होतं ते सांगितलं: पाच महिने. भागीरथी उठून बसली आणि तिला म्हणाली, "पाच महिन्यांचं मूल हलतं. हे कधी हललंय का, मला विचार ना." सुईणीने विचारलं नाही. ती पैसे घेऊन गेली.

आता पुरुष शोधायचा राहिला. दर एकादशीला ओट्यावर, म्हणजे तिकडच्या भाषेत तिण्णैवर, सेतू नावाचा एक तरुण पुराणिक पुराण सांगायला यायचा. गरीब, आईवेगळा, नुकतं लग्न ठरलेला. भागीरथी दाराआडून ऐकायची आणि अर्थ चुकला तर तिथूनच बोलायची. सेतू हसून दुरुस्त करून घ्यायचा. एवढं पुरेसं झालं. पद्मनाभरावांनी त्याला बोलावून घेतलं, आत आल्यावर दार लावलं आणि छत्रीने मारलं. का मारतात ते त्याला मार खाताना कळलं. त्याच आठवड्यात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि तो तिरुविडैमरुदूरला चुलत्याकडे निघून गेला.

मग अक्काने काढा केला. कशाचा ते तिने सांगितलं नाही आणि भागीरथीने विचारलंही नाही. घरातली सगळी मोठी माणसं माजघरात उभी होती. भागीरथीने पेला हातात घेतला.

"हा मी पिते. माझ्या पोटात मूल नाही, तेव्हा पडायचंही काही नाही. पण मी यातून मेले तर ते कोणाच्या माथी, ते आत्ताच ठरवून ठेवा."

तिने काढा प्यायला. तीन दिवस ओकत राहिली, आतडी पिळवटून निघाली. पोट होतं तेवढंच राहिलं. चौथ्या दिवशी पद्मनाभरावांनी गाडीवानाला सांगितलं, हिला हिच्या मावशीच्या दारात सोडून ये. सोबत एक गाठोडं दिलं. निरोप दिला नाही.

तिरुनीलक्कुडीला आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा आजी भात वाळवत होती. तिने भाचीच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं?"

"मावशी, तूही?"

"मी विचारणारच. खरं सांग. खोटं बोललीस तर ठेवून घेणार नाही."

"कोणाचंही नाही. मूलच नाही."

आजीचा तिच्यावर विश्वास बसला का? आजी म्हणायची, तेव्हा मुळीच बसला नाही. "मी तिला प्रेमाने ठेवून घेतलं नाही," ती सरळ सांगायची. "पद्म्याने टाकली म्हणून ठेवली." गोठ्याशेजारची खोली तिने झाडून दिली. गाव मंदिराभोवतीचं, चार गल्ल्यांचं. बातमी पोचायला वेळ लागला नाही. देवळातल्या भटजीने सांगितलं, त्या बाईला प्राकारात आणू नका. आजीने त्यालाही शिव्या दिल्या, पण आणलं नाही.

महिने गेले. पाच, सात, नऊ. भात कापून झाला. मूल झालं नाही. पोट मोठ्या घागरीएवढं झालं होतं, कातडी ताणून चकाकत होती, आणि आता तिला आडवं पडलं की श्वास घेता येत नसे. बसूनच झोपायची. तेव्हा आजीची खात्री पटली. तिची पटली, कुंभकोणमला नाही पटली. तिकडे अक्का सांगत होती की पोटातलं पोटातच मेलं आणि दगड झालं. पापाचं असंच होतं.

राजगोपालने, माझ्या वडिलांनी, बैलगाडी जोडली. आडुतुरैला रेल्वे धरून मायलेकांनी तिला तंजावरच्या एका मिशन इस्पितळात नेलं. डब्यात बायका तिच्यापासून सरकून बसल्या. मुंडन केलेलं डोकं आणि एवढं पोट. त्यांना विचारायची गरजच वाटली नाही.

तिथले सर्जन गुरुमूर्ति म्हणून होते. मद्रासला शिकलेले, तोंडाचे फटकळ, रोगी आणि नर्सा दोघांवर सारखेच ओरडणारे. त्यांनी वर न पाहता तमिळमध्ये विचारलं, "किती महिने?"

"वर्ष होत आलं," भागीरथी म्हणाली. "तुमच्या पुस्तकात एवढे महिने आहेत का?"

त्यांनी वर पाहिलं. रागाने पाहिलं, पण पाहिलं. मग तिला झोपवलं. झोपता येईना, तेव्हा उशा लावून रेलवलं. बराच वेळ ते पोटावर बोटं आपटून ऐकत होते, तिला कुशीवर वळवून पुन्हा ऐकत होते. पोटात पाणी झालं असतं तर कूस बदलताना ते वाहायला हवं होतं, आवाज बदलायला हवा होता. इथे आवाज जिथला तिथेच बद्द होता. मुलाच्या काळजाचे ठोके नव्हते. हाताला डोकं नाही, पाय नाही, गाठही नीट लागत नाही. नुसतं पिठाच्या गोळ्यासारखं. त्यांनी जाड सुई घेऊन पोटात घातली आणि दट्ट्या ओढला. काही आलं नाही. जागा बदलून पुन्हा घातली. सुई बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला पिवळसर चिकट तार लोंबत होती, मधासारखी, पण मधाहून घट्ट.

"हे काय?" आजीने विचारलं.

"माहीत नाही."

"डॉक्टर तुम्ही ना?"

"म्हणूनच माहीत नाही म्हणतोय. दुसऱ्या कोणी काहीतरी ठोकून दिलं असतं. बीजाशयाची गाठ असावी. पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. सासरचं कोण आहे? त्यांना बोलवा. टेबलावर गेली तर नंतर माझ्या नावाने बोंब नको."

राजगोपाल कुंभकोणमला गेले. पद्मनाभराव आले, कोट घालून, पगडी लावून, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे राहिले. आत गेले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मूल आहे की नाही, एवढंच सांगा."

"नाही. नव्हतंच."

"मग पोट कशाला फाडता?"

"नाही फाडलं तर ती मरेल."

"ब्राह्मणाच्या विधवेने परक्याच्या हाताखाली उघडं पडायचं, त्यापेक्षा मरण काय वाईट? माझी संमती नाही."

हे सगळं भागीरथीला आत ऐकू येत होतं. तिने राजगोपालला हाक मारली आणि कागद मागवला. गुरुमूर्तींनी दारातून पद्मनाभरावांकडे पाहून सांगितलं, "ती सज्ञान आहे. तुमच्या संमतीवाचून माझं अडत नाही. तुम्हाला बोलावलं ती माझी चूक." भागीरथीने मोडीत सही केली. इस्पितळातल्या कोणालाच ती वाचता आली नाही. कारकुनाने खाली तमिळमध्ये नाव लिहून घेतलं. पद्मनाभराव पुढच्या गाडीने परत गेले.

शस्त्रक्रियेचं मी जे ऐकलं ते असं. ईथर देऊन पोट उघडलं, आणि आतून पिवळी जेली बाहेर यायला लागली. साबुदाण्याच्या घट्ट पायसासारखी, पण कसलाही वास नसलेली. नर्सा वाट्यांनी उपसत होत्या आणि बादल्या भरत होत्या. गुरुमूर्तींनी हात घालून आधी दोन्ही बीजाशयं शोधली. ती जेलीने माखली होती, पण पुसून पाहिल्यावर चांगली निघाली. गाठ तिथे नव्हती. मग ते उजव्या बाजूला खाली गेले. तिथे अपेंडिक्स असतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीहून बारीक नळी. भागीरथीची ती नळी वांग्याएवढी फुगली होती, आणि टोकाशी फुटून तिथून तोच चिकट पदार्थ पाझरत होता. एवढ्या मोठ्या पोटाचं मूळ ते होतं.

त्यांनी ती कापून काढली, पोट कोमट पाण्याने धुतलं, आतड्यांच्या घड्यांतून हाताला लागेल तेवढी जेली काढली आणि टाके घातले. असा रोग त्यांनी फक्त वाचला होता. अपेंडिक्स त्यांनी बरणीत स्पिरिटमध्ये ठेवलं आणि त्याचा एक तुकडा मद्रासला तपासायला पाठवला. तिकडूनही तेच कळलं: नळीच्या अस्तराला हळू वाढणारी गाठ, तिच्यातून बुळबुळीत स्राव होतो, तोंड बंद झालं की नळी फुगते, आणि फुटली की त्या गाठीची बीजं पोटभर पसरून जागोजाग स्राव करत राहतात.

भागीरथी वाचली. ती उठून बसायला लागल्यावर गुरुमूर्तींनी तिला सगळं समजावलं, नेहमीच्याच आवाजात, जणू चूक तिची होती.

"सगळं मला काढता आलं नाही. पुन्हा भरणार."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. तेव्हा पुन्हा उघडायचं. ही नळी फुटण्याच्या आधी आली असतीस तर अर्ध्या तासाचं काम होतं, आणि कायमची बरी झाली असतीस. पहिली कळ आली तेव्हा का नाही आलीस?"

भागीरथीने एरंडेलाचं सांगितलं.

"एरंडेलानेच फुटली असं मी म्हणणार नाही. कदाचित तेव्हा फुटली, कदाचित नंतर. पण अशा दुखण्यात एरंडेल देणाऱ्याला मी इस्पितळाच्या आवारात उभं करणार नाही."

मग ती म्हणाली, "ती बरणी मला द्या."

"ती विद्यार्थ्यांना दाखवायची आहे."

"ते माझं आहे. माझ्या पोटातलं आहे."

यावर दोघांचं चांगलंच वाजलं. आजी म्हणायची की तो डॉक्टर इंग्रजीत ओरडत होता आणि ही मराठीत, आणि कोणालाच कोणाचं कळत नव्हतं. शेवटी त्याने बरणी तिच्या खाटेवर आपटली आणि निघून गेला.

इस्पितळातून सुटल्यावर ती आधी तिरुविडैमरुदूरला गेली. सेतू चुलत्याच्या घराच्या ओट्यावर बसला होता. वाळला होता. तिला पाहून उभा राहिला, पण ये म्हणाला नाही.

"माझ्या पोटात गाठ होती," ती म्हणाली. "डॉक्टरांनी काढली. तुमच्यावरचा आळ खोटा होता हे आता सिद्ध झालं. सांगायला आले."

"मला ते आधीपासून माहीत होतं."

"लोकांना सांगता येईल."

"कोणत्या लोकांना? मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. पुराण सांगायला कोणी बोलावत नाही. तुम्ही दाराआड गप्प बसला असता तर यातलं काही झालं नसतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "पुन्हा इथे येऊ नका."

भागीरथी गाडीपर्यंत चालत आली. राजगोपालने विचारलं, काय म्हणाला? ती गाडीत पाठमोरी बसली. पण वडील सांगायचे, मी तिला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

तिथून ती कुंभकोणमला गेली. एकादशी होती. तिण्णैवर दुसरा पुराणिक बसला होता, गल्लीतले वीस-पंचवीस लोक ऐकत होते. पद्मनाभराव लोडाला टेकून बसले होते. ती सरळ पायऱ्या चढली आणि बरणी त्यांच्यापुढे ठेवली. फडकं काढलं.

आमच्या लोकांत एक रीत आहे. बाहेर तमिळ, घरात मराठी. आणि भांडण तर हमखास मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळत नाही. भागीरथी त्या दिवशी तमिळमध्ये बोलली, सगळ्या गल्लीला कळेल असं.

"हे माझ्या पोटातून निघालं. नीट पाहून घ्या. याला बाप नाही. यासाठी तुम्ही मला काढा पाजलात, एका निरपराध माणसाला छत्रीने मारलंत, आणि मी मरावं म्हणून इस्पितळात येऊन सांगितलंत. वेळेवर वैद्य बोलावला असता तर मी कायमची बरी झाले असते. आता होणार नाही. हे डॉक्टरांचे शब्द आहेत. हवं तर तंजावरला जाऊन विचारा."

पुराणिकाने पोथी मिटली. आतून अक्का धावत आली आणि किंचाळली, "मांस आणलंन घरात. उचल ते." पद्मनाभराव उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

"उचल," ते मराठीत म्हणाले.

"तुम्ही उचला," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

सोवळ्याचं घर, बरणीला कोणी हात लावेना. लोक उठून गेले. संध्याकाळी भंगी बोलावून ती नदीत टाकवली आणि तिण्णै शेणाने सारवून घेतली. पण गल्लीने पाहायचं ते पाहिलं होतं. त्यानंतर मंगलकार्यात त्या घराला बोलावणं आलं तर ते उरकल्यासारखं यायचं.

भागीरथीने पुन्हा मुंडन करून घेतलं नाही. केस वाढले, तेही अर्धे पिकलेले. आजीला ते मुळीच आवडलं नाही. दोघींचं त्यावरून रोज व्हायचं. दोघींपैकी कोणीच हटली नाही, आणि एका घरात राहिल्या. पुढे भागीरथी तंजावरच्या त्याच इस्पितळात रोग्यांचा स्वयंपाक करायला लागली. गुरुमूर्ति भाताला नावं ठेवायचे. ती म्हणायची, पोटं फाडणाऱ्यांनी भातावर बोलू नये.

तीन वर्षांनी पोट पुन्हा भरलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बादल्या भरल्या. या वेळी आतडी एकमेकांना चिकटलेली होती आणि काम जास्त वेळ चाललं. ती त्यातूनही उठली.

ती आमच्या घरी विश्रांतीला होती तेव्हा महालक्ष्मी तिरुनीलक्कुडीला आली. धाकट्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. पाहायला येणारे कुठून तरी बरणीची गोष्ट ऐकून यायचे आणि उठून जायचे. अक्का थकली होती. म्हणाली, "झालं ते झालं. घरी चल. चार दिवस राहा, लोकांना दिसू दे. मुलीकडे बघ."

"मुलीवर माझा राग नाही."

"मग?"

"तुम्ही मला काढा दिलात तेव्हा हात थरथरला का तुमचा?"

अक्का उठायला लागली.

"मी तेव्हा पाहत होते. थरथरला नाही," भागीरथी म्हणाली. "मी येणार नाही."

आजीने पाहुणीला कॉफीसुद्धा विचारली नाही.

तिसऱ्यांदा पोट भरलं तेव्हा युरोपात लढाई सुरू झाली होती. गुरुमूर्तींचे केस पांढरे झाले होते. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, आता सुरीला जागा नाही, सगळं एकमेकांत विणलं गेलंय. तरी तू म्हणशील तर प्रयत्न करतो. ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. त्यांनी मान हलवली आणि ओरडले नाहीत. मग नर्सेला सांगून तिच्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी करून घेतली. पण ती तिथे राहिली नाही, आमच्या घरी आली. गोठ्याशेजारच्या खोलीत बसल्या बसल्या, थंडीच्या दिवसांत, सकाळी गेली.

तेरावं व्हायच्या आत पद्मनाभराव आले. आता ते काठी टेकत चालत होते. कुळाची सून, तिचं पुढचं कार्य आपल्या घरून व्हायला हवं, असं म्हणाले. आजी दारात उभी होती. तिने त्यांना पायरीवर पाय ठेवू दिला नाही.

"अग्नी माझ्या मुलाने दिला. पिंड तोच देईल. तुमच्या घरचं काही तिला पोचायला नको, असं ती सांगून गेलीय."

ते ऊन चढेपर्यंत गल्लीत उभे राहिले. कोणी त्यांना पाणी दिलं नाही. मग गाडीवानाला हाक मारून ते आडुतुरैच्या रस्त्याला लागले.